फ्लॉरेन्सची सफर : कला, वास्तू आणि बाजार

मागच्या सहलीत आम्ही एका किल्ल्यावर गेलो होतो. तटावर कोळशानं लिहिलेली, टोकदार दगडानं कोरलेली नावं बघून पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, सगळीकडे असंच असतं का?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. पुढच्या आठवड्यात वर्गातल्या टीव्हीवर इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराची चित्रं लावली आणि नकाशा भिंतीवर टांगला. मी स्वतः तिथं गेलेलो नाही, पण ही वर्गातली सफर इतकी रंगली की ती इथं मांडतोय. चला तर मग!

१. घुमट : लाकडी आधाराशिवाय

फ्लॉरेन्स हे आर्नो नदीकाठचं शहर. शहरात कुठूनही दिसतो तो कॅथेड्रलचा, म्हणजे मोठ्या चर्चचा लाल घुमट. चर्चचं काम १२९६ मध्ये सुरू झालं. भिंती उभ्या राहिल्या, पण वरची सुमारे ४५ मीटर रुंदीची जागा झाकायची कशी, हे कुणालाच सुचेना. कमान बांधताना खालून लाकडी आधार द्यावा लागतो, पण एवढ्या उंचीवर एवढं लाकूड आणणार कुठून?

शेवटी हे काम ब्रुनेलेस्की या कारागिरानं अंगावर घेतलं. शिक्षणानं तो सोनार! त्यानं एकात एक असे दोन घुमट बांधले. आडव्या विटांच्या थरात अधूनमधून उभ्या विटा बसवल्या, त्यामुळे चुना ओला असतानाही विटा घसरत नसत. १४२० ते १४३६ या काळात घुमट पूर्ण झाला. आपण सहलीला बघतो तो विजापूरचा गोल घुमट साधारण दोनशे वर्षांनंतरचा. आजही ४६३ पायऱ्या चढून लोक फ्लॉरेन्सच्या घुमटावर जातात. तो जिना दोन्ही घुमटांच्या मधून जातो.

२. टाकून दिलेला दगड

याच चर्चच्या आवारात संगमरवराचा एक मोठा दगड कित्येक वर्षं पडून होता. आधीच्या शिल्पकारांनी काम सुरू करून अर्धवट सोडलेलं. १५०१ मध्ये २६ वर्षांच्या मायकेलअँजेलोनं तो हाती घेतला आणि तीन वर्षांत त्यातून पाच मीटरहून उंच 'डेव्हिड' घडवला. आधी हा पुतळा चौकात उघड्यावर उभा होता. ऊन-पावसानं झीज होऊ नये म्हणून १८७३ मध्ये तो अकादमिया संग्रहालयात हलवला. चौकात आता त्याची प्रतिकृती आहे. चौकात फोटो काढून 'डेव्हिड बघितला' म्हणणारे फसतात, बरं का!

३. एका बाईची अट

आता मुख्य गोष्ट. फ्लॉरेन्सवर मेदिची घराण्याची सत्ता होती. हे मूळचे सावकार. पिढ्यान् पिढ्या त्यांनी चित्रं, पुतळे, पुस्तकं जमवली. १७३७ मध्ये घराण्यातला शेवटचा राजा वारला. उरली त्याची बहीण, आना मारिया लुईसा. राज्य दुसऱ्या घराण्याकडे जाणार होतं. तिनं नव्या राजाशी करार केला : हा सगळा संग्रह तुमचा, पण यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर न्यायची नाही. ती लोकांच्या उपयोगासाठी आणि परदेशी पाहुण्यांना ओढून आणण्यासाठी इथंच राहील.

विचार करा, राज्य हातातून जात असताना तिनं शहराचा विचार केला! म्हणून आज बोत्तिचेल्लीचं 'व्हीनसचा जन्म' हे चित्र बघायला जग फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात येतं. 'उफ्फिझी' म्हणजे कचेऱ्या. १५६० मध्ये ती इमारत सरकारी कामासाठीच बांधायला घेतली होती.

४. पुलावरचा बाजार

आर्नोवरचा 'पोन्ते वेक्यो' म्हणजे जुना पूल, १३४५ चा. पुलावर दोन्ही बाजूंना दुकानं. पूर्वी इथं खाटीक बसत आणि घाण नदीत टाकत. १५९३ मध्ये राजानं त्यांना हटवून सोनारांना जागा दिली. आजही तिथं सोन्याचीच दुकानं आहेत. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं शहरातले बाकी पूल उडवले, हा एक वाचला.

चामड्याच्या वस्तूही इथल्या प्रसिद्ध. सांता क्रोचे चर्चच्या आवारात चामड्याच्या कामाची शाळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ मुलांना हातात कसब मिळावं म्हणून ती सुरू झाली. खरेदी करणाऱ्यांसाठी एक सूचना : रस्त्यावर नामांकित कंपनीचा नकली माल घेऊ नका. इटलीत घेणाऱ्यालाही दंड होतो.

५. आर्नोकाठी कोल्हापूर

नदीच्या कडेनं पश्चिमेला गेलं की कासिने नावाची मोठी बाग लागते. बागेच्या टोकाला छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा पुतळा दिसतो. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. तिथं दहनाची रीत नव्हती, तरी खास परवानगी मिळाली आणि नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. जवळच्या पुलालाही 'भारतीयाचा पूल' अशाच अर्थाचं नाव आहे. परक्या मुलखातल्या पाहुण्याची आठवणही या शहरानं जपली. हे सांगितल्यावर वर्ग एकदम शांत झाला.

मग त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर?

खरं सांगायचं तर फ्लॉरेन्सच्या घुमटाच्या जिन्यातही पर्यटकांनी नावं लिहून ठेवलीत. माणसं सगळीकडे सारखीच! पण २०१६ मध्ये तिथल्या घंटेच्या मनोऱ्यात चक्क टॅबलेट ठेवले : नाव लिहायचंच असेल तर यावर लिहा, भिंतीवर नको. म्हणजे वारसा आपोआप टिकत नाही. कुणीतरी अट घालतं, कुणी पुतळा आत नेतं, कुणी युक्ती काढतं.

उपक्रम : आपल्या गावातली एक जुनी वस्तू शोधा. वीरगळ, बारव, वाडा, काहीही चालेल. ती कुणी बांधली आणि आज कोण सांभाळतं, हे घरातल्या मोठ्यांना विचारून दहा ओळी लिहा. कुणीच सांभाळत नसेल, तर अकरावी ओळ 'मी काय करेन' याची लिहा.