ध्वनिक्षेपकामागची भिंत

हौसेने चांगले ध्वनिक्षेपक, म्हणजे स्पीकर, घरी आणावेत, आवडत्या ठुमरीची ध्वनिमुद्रिका लावावी, आणि तबल्याचा डग्गा जणू शेजारच्या घरात वाजतो आहे असे वाटावे, हा अनुभव पुष्कळांना येतो. मलाही आला. मी दुकानदाराला बोल लावून मोकळा झालो. वस्तुतः अपराधी होती ती स्पीकरमागची गुळगुळीत भिंत.

तार स्वर स्पीकरमधून बहुतांशी समोर जातात. खर्जाच्या लहरी मात्र पेटीहून कितीतरी लांब असल्यामुळे पेटीला वळसा घालून मागेही पसरतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. तेव्हा सेकंदाला १०० कंपने असलेल्या स्वराची लहर ३.४ मीटर लांब भरते. स्पीकरचे तोंड भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर असेल, तर भिंतीवरून परतलेली लहर समोर निघालेल्या लहरीहून नेमकी अर्ध्या लांबीने मागे राहते आणि दोघी एकमेकींना मारक होतात. गवयाचा स्वर भिंतीने गिळला, असाच हा प्रकार!

बाजारात मिळणारा बोटभर जाडीचा फोम येथे निरुपयोगी आहे. तो केवळ तार स्वर शोषतो. खर्जाचे दुखणे तसेच राहून आवाज मात्र मलूल होतो. अंड्यांच्या पुठ्ठ्यांविषयी न बोललेलेच बरे.

त्यापेक्षा सुताराकडून लाकडी चौकट करून घ्यावी, तीत १० सेंटिमीटर जाडीचे रॉकवूल भरावे, आणि ती भिंतीपासून ५ सेंटिमीटर पुढे टांगावी. ही पोकळी वाया जात नाही. भिंतीला लागून हवेचे कण जवळजवळ स्थिर असतात. थोडे अलीकडे ते हालतात, तंतूंशी घासतात आणि त्या घर्षणात ध्वनीची शक्ती जिरते. रॉकवूल कापताना हातमोजे घालावेत, नाकतोंड झाकावे. त्याचे तंतू बोचतात.

स्पीकर या चौकटीजवळ आणून त्याचे तोंड भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर ठेवावे. मग गिळला जाणारा स्वर सुमारे २१० कंपनांवर सरकतो, आणि तेथे ही जाडी पुष्कळ काम करते. भिंतीच्या सान्निध्याने खर्ज किंचित फुगेल. तो बटणाने उतरवावा.

आता शोभेचा प्रश्न. चौकटीवर खादी, महेश्वरी किंवा जुने इरकली लुगडे, काहीही चालेल; मात्र कापड तोंडाशी धरून फुंकर घातली असता ती आरपार गेली पाहिजे. इरकलीचा दाट काठ चौकटीच्या कडेवर मुडपून घ्यावा, मध्ये येऊ देऊ नये.