लिंपोपोच्या मुलखातील गोवंश

दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर सीमेवर, लिंपोपो नदीच्या अलीकडे, काटेरी झुडपांचा जो रखरखीत मुलूख पसरला आहे, तेथील गोऱ्या जमीनमालकांनी मांसोत्पादनासाठी विलायतेच्या शॉर्टहॉर्न व हेरफर्ड जातींचे रक्त मोठ्या हौसेने आपल्या कळपांत आणले. परंतु शीत हवेत, ओल्या कुरणांवर पोसलेल्या त्या वंशाची प्रजा तेथील उन्हात चरणे सोडून, धापा टाकीत सावलीला उभी राही आणि पिढीगणिक खुरटत जाई. खोइखोई पशुपालकांपासून चालत आलेली तांबडी, वशिंडाची आफ्रिकानर गुरे मात्र त्याच गवतावर सुखेनैव चरत. वाढीत व प्रजननात ती काहीशी मंद, एवढीच त्यांच्याविषयी तक्रार.

यान बोन्स्मा या पशुशास्त्रज्ञाने १९३७ च्या सुमारास मारा व मेसिना येथील सरकारी प्रक्षेत्रांवर या वंशांच्या संकराचे काम हाती घेतले, तेव्हा दिसण्यावरून जनावराची पारख करण्याचा जुना रिवाज त्याने बाजूस सारला, आणि अंगाचे तापमान, श्वासाची गती व वासरांची वजने यांचे रीतसर दप्तर ठेविले. त्याची एक परीक्षा तर कोणाही गुराख्याला करता येण्याजोगी होती: अंगावरचे चिमूटभर केस कातरून, ओले करून तळहातांमध्ये चोळावेत, लोकरी केस गुरफटून त्यांचा नमदा बनतो, आखूड व तुळतुळीत केस सुटेच राहतात. तुळतुळीत कातडीच्या जनावराला ऊन कमी बाधते आणि गोचिडीही कमी चिकटतात. आणि ज्या प्रदेशात गोचिडीमार्फत जीवघेणे रोग पसरतात तेथे ही गोष्ट किरकोळ नव्हे.

अखेरीस आठांत पाच हिस्से आफ्रिकानर व उरलेले तीन हिस्से हेरफर्ड आणि शॉर्टहॉर्न, असे प्रमाण ठरून बोन्स्मारा जात स्थिर झाली.

परंतु नुसत्या रक्ताने कळप चालत नाही. वासरे पावसाच्या आरंभी जन्मावीत, म्हणजे गाईला दूध उतरण्याच्या दिवसांत कोवळे गवत मिळेल, या हिशेबाने वळू वर्षातून मोजके महिनेच कळपात सोडावा लागतो; आणि जी गाय भाकड राहील ती, रूपाने कितीही देखणी असली तरी, बाजारात धाडावी लागते. हा कठोरपणा मला तरी रास्त वाटतो, कारण तुटपुंज्या कुरणात भाकड गाय दुसऱ्या गाईच्या वाट्याचे गवत खात असते. १९६४ साली स्थापन झालेल्या पैदासकारांच्या संस्थेनेही हाच दंडक पुढे चालविला: वजनाचा व प्रजननाचा दाखला नसेल, तर प्रदर्शनात मिरवण्याजोग्या वळूचेही नाव नोंदवहीत चढत नाही.