मेनू दिसतोय, किंमत दिसेना

पुण्यातल्या एका कॉफीच्या दुकानाची वेबसाइट नव्याने मांडायचं काम सध्या माझ्याकडे आहे. जुनी साइट देखणी होती. उघडली की पडदाभर व्हिडिओ: चिकमगळूरचं धुकं, मळ्यातली झाडं, भाजून निघणाऱ्या बिया. त्याखाली मालकांची गोष्ट. दुकान किती वाजता बंद होतं, ते मात्र पार तळाशी.

एखादी साइट कुठे अडते हे ती वापरणाऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी 2000 साली लिहिलं होतं की पाच जणांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. फक्त बघणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. हे फार जड जातं.

दुकानात बसलेल्या एका काकूंना म्हटलं, "फिल्टर कॉफी केवढ्याला आहे, तेवढं फोनवर बघता का?" त्यांनी 'मेनू'वर बोट ठेवलं. पीडीएफ उतरली. ए4 आकाराचं छापील पान फोनच्या रुंदीत कोंबलेलं, अक्षरं मुंगीएवढी. दोन बोटांनी मोठं केलं तर पदार्थाचं नाव दिसे आणि किंमत पडद्याबाहेर जाई. किमतीकडे सरकवलं की ती कशाची, हे कळेना. "जाऊ दे बाई, काउंटरवरच विचारते," म्हणत त्यांनी फोन पर्समध्ये टाकला.

तो मेनू टेबलावर उत्तम दिसतो. फोनवर मात्र तो नुसतं चित्र आहे. अंध ग्राहकाचा स्क्रीन रीडर त्यातलं अक्षरही वाचू शकत नाही. म्हणून आता मेनू साध्या मजकुरात आहे, नाव आणि किंमत एकाच ओळीत. भाव बदलला तर एक आकडा बदलायचा, बस्स.

रंगांचं काम सोपं होतं. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या फरकाचं प्रमाण किमान 4.5:1 असावं, असा सर्वमान्य निकष आहे. साय रंगावरची फिकट तपकिरी अक्षरं त्यात बसेनात, तेव्हा तपकिरी गडद केला. मराठी पानाला भाषेचा संकेत हिंदीचा लागला होता. तो मराठीचा केल्यावर ल आणि श आपल्या वळणाचे उमटले. मात्रा-वेलांट्या एकमेकींना भिडू नयेत म्हणून ओळींमधलं अंतरही वाढवलं.

व्हिडिओ काढायचा म्हटल्यावर मालक हळवे झाले. "म्हणजे आमचा मळा दिसणारच नाही?" त्यांची तळमळ खरी होती, आणि त्या मळ्याला साइटवर जागा हवीच. पण ती जागा कॉफी पावडरीच्या पानावर आहे. पावडर घेणारा विचारतो: कुठली बी, किती भाजलेली, दळण कसं, चिकोरी किती? चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे, अन् साइटवर त्याचा पत्ताच नव्हता. आता प्रत्येक पावडरीखाली मळ्याचं नाव येतं, आणि शेजारी 80:20 की 70:30 तेही.

पहिल्या पडद्यावर आज दुकान किती ते किती उघडं, पत्ता, नकाशा आणि बोट ठेवताच लागणारा फोन नंबर एवढंच ठेवलं आहे. सणावाराला वेळ बदलते, तेव्हा ती कोण बदलणार, यावर बराच वेळ बोलणं झालं. अखेर ते काम काउंटरवरच्या मुलाकडे सोपवलं. शटर किती वाजता पडणार, हे त्यालाच आधी ठाऊक असतं.