वेढे मोजणाऱ्या हातांनी इलेक्ट्रॉनिक्स शिकावे

पंखा, मिक्सर किंवा पाण्याची मोटर भरून देणे हा आपल्या अनेक कारागीर बांधवांचा पिढीजात धंदा आहे. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागाच्या मोटरी भरून कित्येकांनी संसार उभे केले. मात्र अलीकडे दुकानात येणारे गिऱ्हाईक वेगळीच वस्तू घेऊन येते. कोणाच्या हातात इंडक्शन शेगडी असते, तर कोणाच्या हातात बी.एल.डी.सी. पंखा. वस्तू उघडावी तर आत ओळखीची कॉइल दिसते. पण शेजारी बोर्ड दिसला की कारागीर हात आखडता घेतो.

ओळखीच्या एका दुकानात आम्ही बसलो असताना शिकाऊ मुलाने शेगडी उघडली आणि विचारले, "उस्ताद, कॉइल तर शाबूत आहे, मग बिघडले काय?" उस्तादांनी जळालेला आय.जी.बी.टी. बदलला. खटका दाबताच तो फुटला. दुसरा बसवला, तोही फुटला. दोन्हींचे पैसे उस्तादांच्या अंगावर पडले आणि गिऱ्हाईक शेगडी उचलून निघून गेले. खरा दोष शेजारच्या कंडेन्सरमध्ये होता. तो का, हे समजण्यासाठी कॉलेजची पदवी लागत नाही. भंगारातल्या चार वस्तू, थोडी तांब्याची तार आणि धीर एवढे पुरेसे आहे.

बुकबाइंडरचा शिकाऊ

मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. १८०५ साली, वयाच्या १४ व्या वर्षी, तो लंडनमध्ये पुस्तके बांधण्याचे काम शिकू लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता विजेच्या नादी लागला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने एका लोखंडी कड्यावर समोरासमोर दोन कॉइल गुंडाळल्या. एकीला बॅटरी जोडली, तेव्हा दुसरीला लावलेली सुई क्षणभर हलली आणि स्थिर झाली. बॅटरी तोडली तेव्हा पुन्हा हलली. म्हणजे प्रवाह नुसता असून भागत नाही. तो बदलावा लागतो. ट्रान्सफॉर्मरपासून इंडक्शन शेगडीपर्यंत सगळा कारभार याच एका गोष्टीवर चालतो.

पहिला प्रयोग: झटका

जुन्या ट्यूबलाइटचा चोक आणि टेस्टरमधला निऑन दिवा घ्यावा. दिवा चोकच्या दोन टोकांना जोडावा आणि त्याच टोकांना ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून काढावी. निदान ६० व्होल्ट मिळाल्याशिवाय निऑन पेटत नाही. तरीही बॅटरी सुटताच तो चमकतो. कॉइलमधून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला की कॉइल त्याला विरोध करते आणि व्होल्टेज उसळते. ट्यूब पेटवणारा झटका हाच. उघडी टोके बोटांत धरू नयेत.

हीच तोडजोड सेकंदाला हजारो वेळा करायची असेल, तर हाताचे काम ट्रान्झिस्टरकडे द्यावे लागते. खराब झालेल्या सी.एफ.एल. दिव्यातून फेराइटचे कडे काढावे. दोन बारीक तारा एकत्र धरून त्यावर सुमारे २० वेढे घालावेत. एका तारेची सुरुवात दुसरीच्या शेवटाला जोडून तो सांधा दीड व्होल्टच्या सेलच्या धन टोकाला द्यावा. उरलेल्या टोकांपैकी एक १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून बी.सी. ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला आणि दुसरे कलेक्टरला जोडावे. एमिटर सेलच्या ऋण टोकाला. पांढऱ्या एल.ई.डी.चा लांब पाय कलेक्टरला आणि आखूड पाय एमिटरला. या एल.ई.डी.ला सुमारे ३ व्होल्ट लागतात, तरी तो अर्धामेल्या सेलवरही पेटतो. न पेटल्यास एका तारेची टोके उलटी करावीत. वेढे किंवा रेझिस्टर बदलून काय होते ते पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे.

दुसरा प्रयोग: झोका

झोक्याला योग्य वेळी हलका हात लावला तरी तो उंच जातो. कॉइल आणि कंडेन्सर एकत्र आले की त्यांचाही असाच एक ठरलेला झोका असतो. त्याला रेझोनन्स म्हणतात. कंडेन्सर चौपट केला की आवर्तने निम्मी होतात. जुन्या रेडिओची २०० मायक्रोहेन्रीची कॉइल ५०० पिकोफॅरडच्या गँगला जोडली, तर झोका सेकंदाला सुमारे ५ लाखांचा होतो. गँग फिरवून ५० वर आणली, की तो सुमारे १६ लाखांवर जातो. मिडियम वेव्हचा पट्टा एवढाच असतो. भंगारातल्या रेडिओत हे हाताने फिरवून पाहता येते.

आता पुन्हा शेगडीकडे वळू. १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ०.३ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल, तर झोका सेकंदाला सुमारे २९ हजार होतो. आय.जी.बी.टी. त्याला तालात धक्के देतो. कंडेन्सर जुना होऊन त्याची किंमत घटली, की तीच ऊर्जा लहान भांड्यात ओतल्यासारखी होते आणि व्होल्टेजची पातळी वर चढते. बाराशे व्होल्टचा आय.जी.बी.टी. मग तग धरत नाही. म्हणून नवा पार्ट बसवण्यापूर्वी कंडेन्सर मोजावा आणि पहिल्यांदा सिरीज बल्ब लावूनच खटका दाबावा. शेगडीच्या आत ३०० व्होल्टांहून अधिक डी.सी. असते, म्हणून नवशिक्याने आधी बॅटरीवरच हात बसवावा.

फसवणुकीपासून सावध

रेझोनन्सचे नाव घेऊन 'एक युनिट घाला, पाच काढा' अशी यंत्रे विकणारेही भेटतात. रेझोनन्समध्ये व्होल्टेज दहापट दिसू शकते, हे खरे. पण व्होल्टेज म्हणजे वीज नव्हे. भार जोडताच झोका खाली येतो. साधा मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी केलेला असतो, त्यामुळे तीक्ष्ण पल्सवर त्याच्या आकड्याचा भरवसा धरता येत नाही. अशा विक्रेत्याला एवढेच सांगावे: यंत्रातून निघणारी वीज त्याच्याच तोंडाला जोडा आणि बॅटरी काढून घ्या. चालत राहिले तर बोलू.

साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, तर बी.एल.डी.सी. पंखा सुमारे ३० वॅटमध्ये भागवतो. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचे झाले आहे. त्यामुळे बोर्डवाले पंखे दुकानात वाढतच जाणार. दहावी झालेल्या मुलांनी आय.टी.आय.चा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक कोर्स जरूर करावा. ज्यांचे ते वय निघून गेले, त्यांनीही निराश होऊ नये. तारेचा गेज बोटांनी ओळखणाऱ्या आणि वेढ्यांचा हिशेब तोंडपाठ ठेवणाऱ्या माणसाने निम्मे इलेक्ट्रॉनिक्स आधीच शिकलेले असते. उरलेले निम्मे रोज रात्री दुकान बंद करण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात, एक कॉइल आणि एक वही घेऊन शिकता येते.