विजेचा कुकर घेण्याआधी घरातला प्लग बघा

बोईसर, पालघर, सफाळे या बाजूच्या वस्त्यांत महिला मंडळाच्या बैठकीला आम्ही आरोग्यावर बोलायला बसलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, तो विजेचा कुकर घेऊ का?" विचारणाऱ्या बऱ्याच जणी तारापूर एमआयडीसीतल्या कंपन्यांत कामाला जातात, नाहीतर त्यांच्या घरातलं कोणीतरी शिफ्टला असतं. पहाटे उठून डबा करायचा, शिट्ट्या मोजत शेगडीपाशी उभं राहायचं आणि मग धावत रिक्षा गाठायची, हे रोजचंच. काही घरांत सिलिंडर संपला की पुन्हा चूल पेटते. मग डोळ्यांची आग, छातीत कफ आणि लहान मुलांचा वरचेवर खोकला.

अशा घरांना विजेचा कुकर उपयोगी पडू शकतो. पण आम्ही प्रत्येकीला एकच सांगतो: दुकानात जाण्याआधी घरातला प्लग बघा. कुकर चांगला असून घरातलं वायरिंग धड नसेल, तर सोयीसाठी आणलेली वस्तू जिवावर बेतू शकते.

हा कुकर चालतो कसा

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. त्यानंतर आच कितीही वाढवली तरी ते त्याहून जास्त तापत नाही. झाकण घट्ट लावून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी ११५ ते १२० अंशांपर्यंत तापतं. म्हणून डाळ लवकर शिजते. शेगडीवरच्या कुकरमध्ये जास्तीची वाफ शिट्टीतून बाहेर जाते. विजेच्या कुकरमध्ये पुरेसा दाब झाला की हीटर आपोआप बंद होतो, दाब उतरला की पुन्हा चालू होतो. त्यामुळे शिट्टी मोजायला कोणी उभं राहावं लागत नाही. दाब थोडा कमी असल्याने काही पदार्थांना शेगडीवरच्या कुकरपेक्षा पाच-सात मिनिटं जास्त लागतात.

दुकानात नावांचा घोळ असतो. काचेचं सैल झाकण असलेला असतो तो राइस कुकर. त्यात दाब तयार होत नाही, भात होतो, पण चणे-वाटाणे नीट शिजत नाहीत. प्रेशर कुकरचं झाकण फिरवून लॉक होतं, त्याला रबरी रिंग आणि वाफेचा व्हॉल्व असतो. पैसे देण्याआधी झाकण हातात घेऊन बघा.

आधी भिंत, मग मशीन

पाच-सहा लिटरचा कुकर साधारण १००० वॅटचा असतो. म्हणजे तो चार-साडेचार ॲम्पियर करंट ओढतो. त्याला मोठा, पंधरा ॲम्पियरचा पॉवर प्लग हवा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रिज, मिक्सर आणि कुकर लावला तर बोर्ड तापतो, वायर वितळते आणि आग लागू शकते. प्लग काढल्यावर पिन हाताला गरम लागली, बोर्ड काळा पडला किंवा जळका वास आला, तर तो प्लग वापरणं त्याच दिवशी बंद करा.

त्याहून महत्त्वाचं आहे अर्थिंग. प्लगची तिसरी, जाड पिन अर्थिंगची असते. कुकरच्या आत वायर सैल होऊन धातूच्या बॉडीला लागली, तर करंट त्या पिनेतून जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा स्विच उडतो. अर्थिंग नसेल तर तो करंट कुकरला हात लावणाऱ्या बाईच्या अंगातून जातो. स्वयंपाक करताना हात ओले असतात, पायाखालची लादी ओली असते. म्हणून धोका आणखी वाढतो. फ्रिजला किंवा मिक्सरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ती अर्थिंग नसल्याची खूण समजा. तिसरी पिन कापणं किंवा दोन पिनांचा जोड लावून काम भागवणं म्हणजे स्वतःचं संरक्षण काढून टाकणं आहे. आकडा टाकून घेतलेल्या लाइनवर तर हा कुकर मुळीच लावू नका.

लायसन असलेल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. जमल्यास मेन स्विचजवळ ३० मिलिॲम्पियरचं आरसीसीबी बसवा. करंट गळू लागला की ते क्षणात लाइन तोडतं. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं.

चाळीत भाड्याने राहणाऱ्यांची अडचण आम्हाला माहीत आहे. मीटरपर्यंतची लाइन महावितरणची, पण मीटरपुढचं वायरिंग घरमालकाचं. एकटी भाडेकरू बोलली तर "खोली सोडा" असं ऐकावं लागतं. म्हणून चाळीतल्या सगळ्यांनी मिळून अर्थिंगची मागणी लेखी करावी. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली आपल्या तारापूरला सुरू झालं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खातं सांभाळत होते, तेव्हा विजेचं धोरणही त्यांच्याकडे होतं आणि वीज स्वस्त व मुबलक मिळावी असा त्यांचा आग्रह होता. त्याच वीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या कामगाराच्या खोलीत निदान सुरक्षित प्लग असावा, ही मागणी काही फार मोठी नाही.

बिल किती वाढेल

१००० वॅटचं यंत्र सलग एक तास चाललं की एक युनिट पडतं. कुकरचा हीटर सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पूर्ण चालतो, पुढे मधूनमधून. एका वेळी तो एकूण वीस मिनिटं चालला असं धरलं तर युनिटचा तिसरा हिस्सा होतो. दिवसातून दोनदा लावला तर महिन्याला साधारण २० युनिट. आता आपलं बिल काढून बघा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो, त्यापुढच्या युनिटचा जास्त. तुमचा वापर आज ७० युनिट असेल तर फार फरक पडणार नाही. ९५ असेल तर वाढलेली बरीचशी युनिटं महागड्या दराने पडतील. सबमीटर असेल तर मालक युनिटमागे किती घेतो ते आधी विचारा आणि मगच गॅसशी तुलना करा.

घेताना काय बघाल

दोघा-तिघांना ३ लिटर पुरतो, चार ते सहा माणसांना ५ किंवा ६ लिटर लागतो. आतलं भांडं स्टीलचं मिळालं तर उत्तम. नॉनस्टिक असेल तर लाकडी उलथनं वापरा, तारेची घासणी लावू नका. रबरी रिंग, व्हॉल्व आणि आतलं भांडं सुटं मिळतं का, दुरुस्ती बोईसर-पालघरला होते की त्यासाठी वसईला जावं लागेल, हे दुकानदाराला विचारा. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या.

आयएसआय चिन्ह बघा. घरगुती प्रेशर कुकरला ते १ फेब्रुवारी २०२१ पासून बंधनकारक झालं. तरीही बिनशिक्क्याचे कुकर विकल्याबद्दल २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना दंड केला होता. म्हणून विजेचा कुकर घेतानाही चिन्ह आणि त्याखालचा लायसन नंबर दोन्ही बघा. मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकून खरा की खोटा ते कळतं. दुकानदाराने फसवलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. भंगारातला किंवा जुना कुकर स्वस्त मिळतो, पण त्याची वायर आणि व्हॉल्व कोणी तपासलेला नसतो. तो नको.

रोजच्या वापराचे नियम

आतलं भांडं बाहेरून कोरडं पुसूनच ठेवा. भांडं न ठेवता डाळ-पाणी थेट कुकरमध्ये ओतलं की मशीन गेलंच म्हणून समजा. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. डाळ, कडधान्य फुगतं आणि फेसाळतं, म्हणून ते निम्म्यापर्यंतच. फेस व्हॉल्वमध्ये अडकला तर वाफ कोंडते. रिंग नीट बसली आहे का ते दर वेळी बघा. आठवड्यातून दोनदा रिंग आणि व्हॉल्व काढून धुवा. बाहेरची बॉडी पाण्यात बुडवायची नाही, प्लग काढून ओल्या फडक्याने पुसायची. झाकण लावून तेलात तळण कधीच करू नका.

दहा मिनिटं लावली की दहा मिनिटांत होईल, असं समजू नका. दाब तयार झाल्यावर वेळ मोजायला सुरुवात होते. आधीची दहा-पंधरा मिनिटं आणि नंतर वाफ उतरण्याची दहा-पंधरा मिनिटं धरून अर्धा-पाऊण तास लागतो. पण त्या वेळात तुम्ही अंघोळ करू शकता, मुलांची तयारी करू शकता. बटण दाबायला बाईच लागते असंही नाही. घरातल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांना हा कुकर लावायला शिकवा.

खूणपिन खाली बसल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. लाइट गेली तरी आत दाब असतोच. उघडताना झाकणाची पलीकडची बाजू आधी उचला, म्हणजे वाफ तोंडावर येणार नाही. एका खोलीच्या घरात कुकर जमिनीवर ठेवला जातो आणि रांगतं मूल वायर ओढतं. कुकर ओट्यावर, मागे ठेवा. वायर लोंबकळू देऊ नका.

काय, कसं शिजवाल

तूरडाळ अर्धा तास भिजवून, वाटीला तीन वाट्या पाणी घालून दहा-बारा मिनिटं लावा. चिंच, कोकम, टोमॅटो आधी घातलं की डाळ शिजायला वेळ लागतो, आंबट नंतर घाला. बोअरचं पाणी जड असेल तर भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी घ्या. वाडा कोलमच्या भाताला शेगडीपेक्षा कमी पाणी लागतं, कारण वाफ फारशी बाहेर जात नाही. दीडपट पाण्याने सुरुवात करा आणि मग अंदाज घ्या. चवळी, मटकी, वाल, मटण, पाया यांना हा कुकर खरा कामाचा.

राजमा मात्र जपून. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, त्याने उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, दाबावर पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. काही कुकरमध्ये मंद आचेचं 'स्लो कुक' बटण असतं, त्यावर राजमा कधीही शिजवू नका.

काही जणी रात्री सगळं घालून सकाळचा टायमर लावतात. आपल्याकडच्या उकाड्यात भिजवलेली डाळ आंबते, कच्चं मटण-मासळी दोन तासांपलीकडे तशीच ठेवली तर बाधते. कोरडी डाळ-तांदूळ काढून ठेवा, पाणी सकाळी घाला. शिजलेला भात गरम ठेवायच्या बटणावर ठीक राहतो, पण रात्रभर लाइट गेली आणि भात कोमट पडून राहिला तर तो मुलांच्या डब्यात देऊ नका.

भाजलं किंवा शॉक बसला तर

वाफेने भाजलं तर लगेच नळाच्या किंवा तांब्याने सोडलेल्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठी काढा. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ काहीही लावू नका, फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका. चेहरा, हात, सांधा भाजला असेल, जखम तळहातापेक्षा मोठी असेल किंवा लहान मूल असेल, तर थेट दवाखान्यात न्या.

शॉक लागलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमलं नाही तर कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरीपासून दूर करा. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला येत असेल तर छाती दाबणं लगेच सुरू करा. माणूस उठून बसला तरी डॉक्टरला दाखवा, शॉकने हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

मग घ्यायचा की नाही

अर्थिंग आणि पॉवर प्लग असेल, शिफ्टमुळे शेगडीपाशी थांबणं जमत नसेल, घरातल्या वयस्कर माणसाला शिट्टी ऐकू येत नसेल किंवा चुलीच्या धुराने दमा वाढत असेल, तर जरूर घ्या. शेगडी मात्र काढून टाकू नका. भाकरी-चपातीला ती लागणार आणि लाइट गेली तर तीच उपयोगी येणार.

अर्थिंग नसेल तर आज घेऊ नका. डाळ-कडधान्य भिजवून आयएसआयच्या साध्या शिट्टीच्या कुकरमध्ये लावा, शिट्टी झाली की गॅस बारीक करा, त्यानेही वेळ आणि गॅस वाचतो. कुकरसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आधी वायरमन बोलवा. महिला मंडळाच्या येत्या बैठकीत एक यादी करा: कोणाच्या घरी अर्थिंग आहे, कोणाच्या घरी नाही, कोणाच्या फ्रिजला झिणझिण्या येतात. ती यादी घेऊन सगळ्या जणी मिळून घरमालकाकडे जा. खांबावरची किंवा मीटरपर्यंतची लाइन खराब असेल तर महावितरणला १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.