कंटेनरचे आठ कोपरे
वरवंडला पुणे-सोलापूर रस्त्यावर ट्रेलरवरून जाणारे कंटेनर आपण पाहतो. त्यांचे कोपरे मात्र क्वचितच निरखतो. आठही कोपऱ्यांत भोके असलेले पोलादी ठोकळे असतात. ट्रेलरवरील खुंटी खालच्या भोकात शिरवून फिरवली, की पेटी घट्ट बसते. न्हावा-शेवा बंदरातील क्रेन वरच्या चार भोकांना धरून पेटी उचलते. जहाजावर एकावर एक रचलेल्या पेट्यांचा भारही हेच कोपरे पेलतात.

१९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ५८ पेट्या जहाजाने पाठवल्या. पुढे मापे जगभर एक ठरली आणि आतला माल न हलवता ट्रक, रेल्वे, जहाज बदलणे साधले. दिवसांचे काम तासांवर आले; गोणी वाहणाऱ्या असंख्य गोदी कामगारांची रोजीही गेली. प्रमाणित मापाचा लाभ शिकवताना ही किंमतही आपण सांगायला हवी.