लपंडाव खेळणारा दोष

हिवतापाचा रोगी वैद्याकडे पोचतो तेव्हा पुष्कळदा त्याचा ताप उतरलेला असतो. अंगाला हात लावून पाहावे तर ते थंड. अशा वेळी जाणता वैद्य ‘तुला काही झालेले नाही’ असे म्हणत नाही. ताप कोणत्या वेळी भरतो, एक दिवसाआड भरतो की दोन, आधी हुडहुडी भरते की नाही, हे तो विचारून घेतो; आणि निम्मे निदान त्या उत्तरांतच होते. यंत्रांच्या दुखण्यांतही अशी एक जात आहे. कायमचे बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे त्या मानाने सोपे. परंतु जे ऐन कार्यक्रमात बंद पडते आणि कारागिराच्या टेबलावर सुरळीत चालते, ते मालकाचा आणि कारागिराचा दोघांचाही अंत पाहते.

उदाहरण म्हणून बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ. गणेशोत्सवात किंवा १४ एप्रिलच्या भीमजयंतीला किल्लारीसारख्या गावी ऑर्केस्ट्रा उभा राहतो, तेव्हा ढोलकी, ऑक्टोपॅड व कीबोर्ड यांच्या जोडीला कधी कधी हे चार तारांचे वाद्य असते. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर याने ते बाजारात आणले, आणि पुढे टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी ते राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात वाजविले. त्याची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ वेळा कंप पावते. तारेखालच्या चुंबक-वेटोळ्यात उमटणारा विद्युत्संदेश फार क्षीण असतो. अ‍ॅम्प्लिफायरचा पहिला भाग त्याला आकार देतो, दुसरा त्याला बळ देतो आणि मग स्पीकरचा पडदा हवा ढकलू लागतो. खर्जाचा आवाज काढण्यास हवाही पुष्कळ ढकलावी लागते. त्यामुळे स्पीकरची पेटी थरथरते, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याच पेटीत असेल तर तो स्वतःच्याच आवाजाने स्वतःचे सांधे ढिले करीत असतो. या यंत्रात येता-जाता दोष फार का, याचे मर्म येथे आहे.

असे दोष उत्पन्न करणारी कारणे मुख्यतः चार. पहिले हालचाल: वादकाच्या पायाखाली तुडविलेली वायर, आतून तुटलेली पण बाहेरून धडधाकट दिसणारी. दुसरे हादरा: सोल्डरचा डाख कच्चा राहिला असेल तर ठरावीक स्वराला तो सुटतो व पुन्हा टेकतो. तिसरे उष्णता: तापल्यावर धातू प्रसरण पावतो, आणि थंड असताना टेकलेला सांधा अर्ध्या तासाने उघडतो. चौथे वीज: संध्याकाळी गावभर दिवे लागले की दाब उतरतो, आणि नेमक्या जोरदार ठोक्याला यंत्राला पुरेशी वीज मिळत नाही. शिवाय, जिला आपण बिघाड म्हणतो ती कधी कधी यंत्राने स्वतःच्या रक्षणासाठी घेतलेली विश्रांती असते. धुळीने पंखा तुंबला, किंवा आठ ओहमचे दोन स्पीकर एकत्र जोडून यंत्रावरचा भार त्याच्या शक्तीबाहेर नेला, तर ते तापून आपण होऊन थांबते व थंड होताच पुन्हा बोलू लागते.

म्हणून पहिले काम पेचकस हाती घेण्याचे नव्हे, वही हाती घेण्याचे. येऊन-जाऊन घडणाऱ्या गोष्टीला नोंदीवाचून उपाय नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारीच्या परिसरात लहान धक्के येतच राहिले. पुढचा धक्का केव्हा येईल हे कोणासही सांगता येत नव्हते; तरीही हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे यंत्रे मांडली, प्रत्येक धक्क्याची वेळ व जागा टिपली, आणि त्या नोंदींवरून जमिनीखालच्या भेगेचा ठाव घेतला. आपले काम त्या मानाने फारच लहान आहे. पद्धत मात्र हीच. आवाज किती वाजता गेला, यंत्र सुरू होऊन किती मिनिटे झाली होती, कोणता स्वर वाजत होता, खरखर झाली की एकदम शांतता पसरली, दिवे मंदावले होते काय, एवढे लिहून ठेवावे.

दुसरे काम वाटण्याचे. वाद्यापासून स्पीकरपर्यंतचा मार्ग अर्धा करून दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहावे. वाद्य व यंत्र यांच्यामध्ये खात्रीची एकच आखूड वायर लावावी. मग दुसरे वाद्य लावून पाहावे. मग दुसरा स्पीकर. पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरांच्या पाठीमागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन छिद्रे असतात. ती लहान वायरीने एकमेकांस जोडताच आवाज परत आला, तर ‘रिटर्न’च्या आतील स्पर्शपट्टी मळलेली आहे असे बहुधा समजावे. ती कधीच न वापरल्यामुळे हवेने काळवंडते. हा दोष साध्या सफाईने जातो, आणि त्यापायी महागडे भाग मात्र व्यर्थ बदलले जातात. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही. पेटी उघडून लाकडी काडीने डाख ठोकून पाहणे हे जाणत्या कारागिराचे काम. कारण वीज काढल्यावरही आतील कपॅसिटर प्राणघातक विद्युत्भार धरून ठेवू शकतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अधूनमधून घूं असा आवाज येतो म्हणून तीन पायांच्या प्लगचा अर्थचा पाय मोडून टाकणारे लोक आहेत. बेस गिटारच्या तारा सामान्यतः अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्यास जोडलेल्या असतात, आणि सांगाडा अर्थला. अर्थ तुटला आणि आत कोठे वीज सांगाड्यास टेकली, तर वादकाच्या बोटांखाली २३० व्होल्ट उभे राहतात. ओठ मायक्रोफोनला लागताच प्रवाह देहातून जातो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मरण पावला.

आपल्या काळ्या जमिनीत तर अर्थिंगही येता-जाता असू शकते. पावसाळ्यात माती ओली असते तेव्हा ते उत्तम. वैशाखात जमीन भेगाळून नळीपासून सुटली की तेच निकामी. आणि जयंत्या, लग्ने, उरूस यांचा हंगाम नेमका उन्हाळ्याचा! मांडव घालताना अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावे, ते तारतंत्रीकडून मोजून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा-स्विच बसवावा. ही तपासणी साजशृंगाराआधी व्हावी.

शेवटी, दोष गेला असे म्हणावे केव्हा? थापट मारली आणि आवाज आला, म्हणजे दुरुस्ती झाली नव्हे. त्याने फक्त दडण्याची जागा बदलली. जो दोष आपल्याला हवा तेव्हा उत्पन्न करता येतो, तोच आपल्याला कळला. त्याच स्वराने, त्याच उष्णतेत, त्याच हादऱ्याने तो पुन्हा बोलावावा. आणि दुरुस्तीनंतर बोलावूनही तो आला नाही, तरच कारागिराने पैसे घ्यावेत आणि मालकाने ते आनंदाने द्यावेत.